माती कमावताना: वनस्पतींच्या टॅनिनने सेंद्रिय माती घट्ट करण्याची रीत

कच्चं फळ चावलं की जीभ आखडते, तोंड कोरडं पडतं. फळातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांची गुठळी करतं, म्हणून तो तुरटपणा. कातड्याचं चामडं होतं तेही याच पकडीने. त्या कामाला मराठीत 'कमावणं' म्हणतात. कुंभार माती भिजवून, तुडवून, मुरवून तयार करतो तेही कमावणंच. टॅनिन घालून माती तयार करताना दोन्ही अर्थांचं कमावणं एकाच घमेल्यात चालतं. मातीतल्या सेंद्रिय भागावर चामड्यासारखा संस्कार होतो आणि चिकणमातीचे कण सुटे होऊन नव्याने दाटीने बसतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. टॅनिन हा डिंक नाही. काढा ओतला आणि माती दगडासारखी झाली, असं होत नाही. त्याचं पहिलं आणि मोठं काम म्हणजे पाणी वाचवणं. तेवढीच मऊ माती कमी पाण्यात मळता येते, त्यामुळे ती वाळताना कमी आकसते, भेगा कमी पडतात आणि घट्टपणा येतो. कायमची पकड हवी असेल तर पुढे लोह लागतं. हे दोन टप्पे वेगळे आहेत. ते एकात एक घुसडले की काम बिघडतं.

ही गोष्ट नवी नाही. कार्बोरंडम या घासकामाच्या कठीण पदार्थाचा शोध लावणारे अमेरिकन संशोधक एडवर्ड अॅचेसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिकणमातीवर प्रयोग केले. प्राचीन इजिप्तमध्ये विटांच्या मातीत काड का घालत, हा त्यांचा प्रश्न होता. काडाचे तंतू मातीला धरून ठेवतात हे उत्तर त्यांना पुरेसं वाटेना. त्यांनी काड पाण्यात मुरवून निघालेलं तांबूस पाणी मातीत घातलं, तसंच टॅनिनही घालून पाहिलं. माती अधिक लवचीक झाली आणि वाळल्यावर अधिक मजबूत निघाली. त्या मातीला त्यांनी 'इजिप्शियनाइज्ड क्ले' असं नाव दिलं. पश्चिम आफ्रिकेत हीच युक्ती वेगळ्या वाटेने पोहोचलेली दिसते: बुर्किना फासोतल्या तिएबेले गावच्या चितारलेल्या मातीच्या भिंतींवर नेरे झाडाच्या शेंगांच्या उकळलेल्या काढ्याचा हात फिरवतात.

आधी माती ओळखा

हा लेख कोणत्या मातीसाठी आहे? पालापाचोळा मुरलेली काळपट माती, तळ्याचा गाळ, किंवा शेण-भुसा मुद्दाम मिसळलेली लिंपणाची माती. वापर कुठे? भिंतीचं लिंपण, कुडाच्या भिंतीतला भराव, मातीची जमीन, छपराखालचा ओटा. इमारतीचा भार घेणारा पाया यात येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मूठभर माती ओली करून घट्ट पिळा. पीट, म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजलेली माती तपासायला स्वीडिश भूवैज्ञानिक लेनार्ट फॉन पोस्ट यांनी याच पिळण्यावर १ ते १० अशी मोजपट्टी बसवली होती. बोटांतून नितळ पाणी आलं तर पहिली पायरी, सगळी माती लोण्यासारखी बोटांच्या फटींतून बाहेर आली तर दहावी. आपल्याला नेमका आकडा नको, दिशा कळली तरी पुरे. पाणी नितळ आणि हातात धागे उरले तर माती अजून कुजायची आहे. टॅनिनला तिथे धरायला बरंच काही आहे, पण कुजण्याचा धोकाही जास्त. सगळं काळं लोणी झालं असेल तर त्यातली ह्युमिक द्रव्यं, म्हणजे कुजण्यातून बनलेली काळी द्रव्यं, स्वतःच टॅनिनची चुलतभावंडं असतात, त्यामुळे वरून आणखी घालून फारसा फरक पडत नाही.

दुसरी चाचणी बरणीची. बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी भरा, जोरात हलवून एक दिवस ठेवा. तळाशी वाळू, मग गाळ, सर्वांत वर चिकणमातीचा थर बसतो आणि पाण्यावर काड्या-तुसं तरंगतात. चिकणमातीचा थर नगण्य असेल तर थांबा. टॅनिनचं निम्मं काम चिकणमातीवर होतं. ती नसेल तर जमिनीच्या खालच्या थरातली चिकण माती आणून मिसळावी लागेल. तरंगणाऱ्या कचऱ्याचा थरच जाड असेल तरीही उपाय तोच.

प्रयोगशाळेतली एक कसोटी सांगून ठेवतो, कारण तिच्यामागचं तर्कशास्त्र उपयोगी आहे. मातीला वाहती करायला किती पाणी लागतं ते एकदा भट्टीत न वाळवलेल्या आणि एकदा भट्टीत वाळवलेल्या मातीवर मोजतात. वाळवल्यानंतरचा आकडा आधीच्या ०.७५ पटीपेक्षा खाली गेला, तर ती माती अभियांत्रिकीच्या हिशेबात सेंद्रिय ठरते. याचा अर्थ सेंद्रिय मातीचं पाणी धरणं एकदा कडक वाळवल्यावर पूर्ववत होत नाही. म्हणून नमुने कधीही उन्हात किंवा चुलीवर करपेपर्यंत वाळवू नका. नमुन्याची माती वेगळी वागेल आणि भिंतीची वेगळी.

पायाचा मोह नको

इंग्लंडमध्ये होम फेन नावाचा दलदलीचा भाग आहे. तिथलं पाणी उपसून जमीन शेतीसाठी मोकळी केली, तेव्हा १८५१ च्या सुमारास एक लोखंडी खांब पीटमध्ये माथ्यापर्यंत गाडून ठेवला. आज तो जमिनीच्या वर सुमारे ४ मीटर दिसतो. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. पाणी गेल्याने पीट दबलं, आणि हवा शिरल्याने ते कुजून उडून गेलं.

हवेचा मुद्दा टॅनिनशी थेट जोडलेला आहे. पाण्याखालच्या पीटमध्ये ऑक्सिजन नसतो, त्यामुळे फिनॉल नावाची वनस्पतींतली द्रव्यं तोडणारं एन्झाइम थंड पडतं. फिनॉल साचतात आणि कुजवणाऱ्या बाकीच्या एन्झाइमांनाही रोखून धरतात. २००१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी या यंत्रणेला 'एन्झाइमची कडी' अशा अर्थाचं नाव दिलं. हवा शिरली की कडी निघते. टॅनिन हे फिनॉलच्याच कुळातलं, त्यामुळे ते कुजणं मंद करतं. मंद करतं, थांबवत नाही. कित्येक मीटर खोल मऊ थरावर वरून काढा ओतून घर उभं करण्याचा विचार म्हणूनच सोडून द्यावा. तिथे माती काढून टाकणं, आधीच भार देऊन दाबणं किंवा खालच्या कठीण थरापर्यंत खांब नेणं हेच मार्ग, आणि तेही अभियंत्याच्या सल्ल्याने.

मातीच्या आत काय होतं

चिकणमातीचा कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्रा. त्याच्या सपाट पृष्ठावर ऋण भार असतो, पण आम्ल किंवा उदासीन मातीत त्याच्या कडांवर धन भार येऊ शकतो. कड पृष्ठाला चिकटते आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी पोकळ रचना उभी राहते. त्या पोकळ्यांत पाणी अडकतं. माती मळायला पाणी जास्त लागतं ते यामुळे आणि वाळताना ते पाणी गेलं की बंगला आकसून चिरतो.

टॅनिन नेमकं कडांवर जाऊन बसतं आणि तिथला भार उलटवतं. सगळे पापुद्रे एकमेकांना दूर लोटू लागतात, बंगला मोडतो, अडकलेलं पाणी सुटतं. हाताखाली हे लगेच जाणवतं: घट्ट गोळा पाणी न घालता अचानक सैल पडतो. मग पाणी उडून जाताना पापुद्रे एकावर एक सपाट बसतात. खोल विहिरी खोदताना लागणारा चिखल पातळ ठेवायला क्वेब्राचो झाडाचं टॅनिन वापरत, त्यामागेही हेच.

पण या सुट्या होण्याला दुसरी बाजू आहे. सुटे झालेले पापुद्रे पाण्यात सहज वाहून जातात. म्हणजे नुसतं टॅनिन घातलेली भिंत वाळलेली असताना मजबूत आणि पावसात आधीपेक्षा कच्ची, असंही घडू शकतं. लोहाची गरज इथे पडते. लोहाचा अणू टॅनिनच्या एकाहून अधिक रेणूंना एकाच वेळी धरतो, रंग काळा-निळा किंवा काळा-हिरवा होतो आणि तयार झालेलं संयुग पाण्यात विरघळत नाही. जुन्या काळी लिहायची काळी शाई अशीच बनत असे. तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडं आधीच असतात, त्यामुळे आम्ल काढा त्यातलं थोडं लोह स्वतः सोडवून घेतो. काळ्या, सेंद्रिय मातीत मात्र ते बहुधा बाहेरून द्यावं लागतं.

कच्चा माल आणि काढा

टॅनिन दोन जातींचं. ओकच्या गाठी, हिरडा, चेस्टनटचं लाकूड यांतलं पाण्याने आणि बुरशीने फुटणारं. वॉटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ), क्वेब्राचो, पाइनची साल यांतलं जोडसाखळीचं, जास्त टिकाऊ. बाहेरच्या कामाला मी दुसऱ्या जातीकडे झुकतो, शाईसारखी गडद पकड हवी तिथे पहिल्या. प्रमाण सालीच्या वयावर आणि हंगामावर बदलतं, तरी अंदाज म्हणून हिरड्यात वजनाच्या सुमारे ३० टक्के, वॉटलच्या सालीत ३० ते ४०, बाभळीच्या सालीत १२ ते २० टक्के धरतात. जिवंत झाडाची साल गोल सोलून काढली की झाड मरतं. तोडलेल्या लाकडाची साल, शेंगांची टरफलं, करवतीचा भुसा यांवर काम भागतं.

साल वाटाण्याएवढी कुटा. पीठ करू नका, गाळताना नाकी नऊ येतात. १ किलोला ६ लिटर पाणी घेऊन रात्रभर भिजवा. पावसाचं किंवा मृदू पाणी उत्तम, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम टॅनिनचा काही भाग तळाशी बसवतं. सकाळी मंद आचेवर, खळखळ उकळी न आणता, दीड-दोन तास ठेवा. भांडं स्टीलचं, इनॅमलचं किंवा मातीचं. लोखंडी कढईत काढा तिथेच काळा पडतो आणि पुढे वापरायची पकड भांड्यातच खर्च होते. गाळून घ्या, त्याच चोथ्यात निम्मं पाणी घालून दुसरा काढा काढा आणि दोन्ही एकत्र करा.

आता मोजमाप. काढ्याच्या रंगावरून त्याचा जोर ठरवू नका. १०० मिलिलिटर काढा वजन केलेल्या ताटलीत ओतून मंद उष्णतेवर पूर्ण आटवा आणि उरलेलं वजन करा. ४ ग्रॅम उरले तर काढा ४ टक्क्यांचा. त्यात साखर आणि इतर द्रव्यंही असतात, म्हणजे हे शुद्ध टॅनिन नव्हे, पण दर घाणीला तुलना करायला हा आकडा पुरतो. टॅनिन आहे की नाही याची खातरजमा करायची तर थोड्या काढ्यात जिलेटिनचं कोमट पाणी टाका, लगेच साका जमायला हवा.

काढा दोन-तीन दिवसांत वापरा. बुरशी टॅनिनही खाते, आणि आंबलेल्या काढ्यावर पांढरी साय आली की त्याचा भरवसा संपला.

गोळ्यांची परीक्षा

एवढं एक काम टाळू नका. एकाच्या मातीला लागू पडलेलं प्रमाण दुसऱ्याच्या मातीला लागू पडेलच असं नाही, कारण किती कडा झाकायच्या आहेत हे चिकणमातीच्या जातीवर आणि किती प्रथिनं, किती चुना वाटेत टॅनिन खाऊन टाकतो यावर ठरतं.

सावलीत वाळवलेली, चाळलेली माती २०० ग्रॅमचे सहा वाटे करून घ्या. पहिल्यात नुसतं पाणी. पुढच्या चारांत मातीच्या वजनाच्या ०.२५, ०.५, १ आणि २ टक्के टॅनिन. सहाव्यात १ टक्का टॅनिन आणि हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे वर सांगितलेलं लोह देणारा क्षार). हिशेब असा: २०० ग्रॅमचा १ टक्का म्हणजे २ ग्रॅम, ४ टक्क्यांच्या काढ्यात ते ५० मिलिलिटरमध्ये आहेत. लिंपणाला एवढं द्रव चालतं, पण गोळे वळायच्या मातीला ते जास्त होईल. म्हणून १ आणि २ टक्क्यांसाठी काढा एक तृतीयांश उरेपर्यंत आटवा, तो १२ टक्क्यांचा होतो आणि अनुक्रमे साधारण १७ व ३३ मिलिलिटर पुरतो. हिराकसाचं १ टक्क्याचं पाणी करा, म्हणजे १ लिटरला १० ग्रॅम. त्यातलं २० मिलिलिटर सहाव्या वाट्याला. टॅनिनच्या दहाव्या हिश्शाएवढं हिराकस होतं, आणि सुरुवातीला तेवढंच बरं.

सगळे वाटे एकसारखे मऊ होतील इतकंच जास्तीचं पाणी घाला आणि प्रत्येकाला काढा धरून एकूण किती लागलं ते लिहून ठेवा. ही नोंद सर्वांत मोलाची. पाणी कमी कमी होत जाऊन एका प्रमाणानंतर घटायचं थांबतं. तो तुमच्या मातीचा तृप्तीबिंदू. झाकून एक दिवस मुरवा, मग प्रत्येकाचे तीन-तीन गोळे वळून सावलीत दोन आठवडे वाळवा.

एक गोळा छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडा. दुसरा पाण्याच्या ग्लासात जाळीवर ठेवून विरघळायला किती वेळ लागतो ते पाहा. तिसरा ओलसर फडक्यात गुंडाळून महिनाभर ठेवा आणि बुरशी, वास बघा. आकसणं मोजायचं तर ६० सेंटिमीटर लांब, ४ रुंद, ४ खोल अशा लाकडी साच्यात तेल लावून माती भरा आणि वाळल्यावर टोकाला किती फट पडली ते मोजा. माझ्या हातून झालेली पहिली चूक या साच्याने दाखवली: २ टक्क्यांची माती सर्वांत छान मळली गेली, पण वाळल्यावर तिचा पृष्ठभाग पिठासारखा झडू लागला. टॅनिन जास्त झालं होतं.

भिंतीवरचं काम

निवडलेलं प्रमाण १ टक्का धरू. १० किलो कोरड्या मातीला १०० ग्रॅम, म्हणजे ४ टक्क्यांचा अडीच लिटर काढा. लिंपणाला लागणारं बहुतेक सगळं पाणी यातच आलं. पहिल्यांदा तीन चतुर्थांश काढा ओता, तुडवा, थांबा. माती सैल व्हायला काही मिनिटं लागतात आणि घाईने आणखी ओतलं तर चिखल होतो. ओल्या गोणपाटाखाली एक ते तीन दिवस मुरू द्या. भुसा किंवा काड मुरल्यानंतर घाला, आणि तेही थोड्या काढ्यात आधी भिजवून, म्हणजे तंतूंनाही टॅनिन बसतं.

हिराकसाचं पाणी सर्वांत शेवटी, लिंपण लावण्याच्या थोडं आधी, शिंपडत मिसळा. काढा आणि हिराकस एकाच बादलीत कालवले तर तिथेच काळा साका बसतो आणि मातीला काही मिळत नाही. हिराकस आम्ल आहे. जास्त झालं तर जुन्या शाईने कागद जसा खाल्ला तसं ते काड खातं. हातमोजे वापरा, मुलांच्या हाती लागू देऊ नका, शेजारच्या फरशीवर सांडलं तर गंजासारखा डाग जात नाही. काळा रंग नको असेल तर लोहाऐवजी तुरटी वापरता येते. रंग फिका राहतो. पाण्यात कोणती पकड जास्त टिकते ते गोळ्यांवरच ठरवा.

थर १ सेंटिमीटरच्या आत ठेवा. पहिला थर अर्धवट वाळला की करणीने दाबून घोटा. टॅनिनमुळे सपाट बसू पाहणारे पापुद्रे घोटण्याने आणखी जवळ येतात, आणि चकाकी येते ती त्यामुळे. थेट ऊन आणि जोराचा वारा पहिले चार दिवस टाळा.

जुन्या, पक्क्या वाळलेल्या लिंपणावर नुसता काढा द्यायचा असेल तर तो कोमट आणि पातळ, १ ते २ टक्क्यांचा घ्या. कुंचल्याने तीन ते पाच हात द्या, प्रत्येक हात शोषला गेल्यावर पुढचा. शेवटी हिराकसाचं पातळ पाणी फवारा. रंग ढगाळ, डागाळ येतो. तो आवडणार नसेल तर कोपऱ्यात आधी करून पाहा.

कुठे बिघडतं

चुनखडीयुक्त मातीत काढा घातला आणि काहीच सैल पडलं नाही, तर कॅल्शियमने टॅनिन अडवलंय. प्रमाण वाढवत बसण्यापेक्षा माती बदला. सिमेंटमध्ये टॅनिन मिसळू नका. टॅनिन आणि सोबतची साखर दोन्ही सिमेंटचं घट्ट होणं लांबवतात. कडक क्षारधर्मी मिश्रणात टॅनिन हवेने भराभर तपकिरी होऊन निकामी होत जातं.

भेगा पडल्या तर टॅनिनला दोष देण्याआधी वाळूचं प्रमाण तपासा. वास आला तर मुरवण बंद भांड्यात जास्त दिवस राहिलं असेल. आणि भिंत पावसात वाहिली, तर छपराचा पागोळीचा भाग पुरेसा बाहेर आहे का ते पाहा. लोह दिलेलं लिंपणही सतत धारेखाली टिकणारं नव्हे. दरवर्षी एक पातळ हात द्यावा लागेल असं धरूनच चाला.

उरलेला काढा तळ्यात, ओढ्यात किंवा रोपांच्या मुळाशी ओतू नका. पाण्यातला ऑक्सिजन त्याने घटतो, माशांना तो अपायकारक ठरतो. मातीतला नत्र प्रथिनांसोबत बांधला जाऊन रोपं पिवळी पडतात. चोथा कंपोस्टात घातलात तर तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. त्यापेक्षा वाळवून पुढच्या घाणीला चुलीत जाळावा, आणि उरलेला काढा वाळूमिश्रित मातीत जिरवून त्या मातीचे बारीकसारीक भेगा बुजवायचे गोळे करून ठेवावेत.